बिनकाडीचा ढोल

उखा गुरुजी गेल्याचं मला त्यांच्या पुतण्यानं नंदुरबारच्या भाजीबाजारात सांगितलं. मी मेथीची जुडी हातात धरून भाव करत होते. तो म्हणाला, "काकू, तुम्ही पिंपळबारीनी शाळावर व्हत्यात ना? आमना उखाकाका गयात. पोळाना आगोदर." मी "अरेरे" म्हटलं, मेथी घेतली, घरी आले, निवडली, फोडणीला टाकली आणि जेवले. आत काही हललं नाही. दोन-चार दिवस मी वाट पाहिली, आता रडू येईल, मग येईल. आलं नाही. मग म्हटलं, ठीकच आहे. आपल्यासाठी कोणी रडतंय हे कळलं असतं तर तो माणूस अवघडून दुसरीकडं बघत बसला असता.

ही गोष्ट मुंबई राज्य होतं तेव्हाची. सातपुड्याच्या पायथ्याला, तळोद्याच्याही वर, पिंपळबारी हे गाव. माझे यजमान जंगलखात्यात गार्ड होते, त्यांची नेमणूक तिथं झाली. मी सातवीची फायनल पास झालेली, घरात बसून करणार काय, म्हणून बोर्डाच्या शाळेत दुसऱ्या शिक्षिकेची जागा मागितली आणि मिळाली. शाळा म्हणजे एक लांब खोली, पुढं ओटा, वर कौलं. चार इयत्ता, दोन मास्तर. मोठे मास्तर उखाजी. सगळं गाव त्यांना उखा गुरजी म्हणायचं.

तापीकाठच्या खात्यापित्या शेतकरी घरातला हा धाकटा मुलगा. उंच, फाटक्या अंगाचा, बारा महिने एकच खाकी कोट. चेहरा असा की बातमी चांगली आहे की वाईट ते काही केल्या कळू नये. शाळेच्या उंबऱ्याच्या आत ते पुस्तकी मराठी बोलत आणि बाहेर पाऊल पडलं की अहिराणी. मी हजर झाले त्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, आज नुसत्या बसा."

मी बसले. समोर जे दिसलं त्याला वर्ग म्हणायला माझी जीभ वळेना. रांगा नाहीत. पोरं खोलीभर इकडं तिकडं, बाजार उठल्यावर माणसं रेंगाळतात तशी. जमिनीवर चुन्यानं आखलेले चौकोन. एका चौकोनात पहिलीतलं पोर आणि चौथीतला बाप्या शेजारी शेजारी. एक मुलगा भिंतीजवळ उभा राहूनच लिहीत होता. दोन मुली दाराशी, कारण त्या गुरं सोडून येत आणि गुरांकडं डोळा ठेवून शिकत. गुजरांची पोरं घरी गुजरी बोलत, गावातली अहिराणी, भिलाटीतली, म्हणजे भिलांच्या वस्तीतली, भिली. पुस्तक यांपैकी कोणाच्याच भाषेत नव्हतं. मला वाटलं, या माणसानं हात टेकलेले दिसतात.

दुपारी भाकरी खाताना त्यांनी समजावलं. समजावलं म्हणजे काय, चार वाक्यं बोलले. "बाई, शेतात दारं धरताना पाहिलंय ना? मोटेचं पाणी एकदम सगळ्या वाफ्यांना नाही देता येत. एका वाफ्याचं तोंड उघडायचं, तो भरला की बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं. कुठला वाफा लवकर भरतो, कुठल्याची माती पाणी नुसतं पिऊन टाकते. ते बघत फिरायचं. बाकी काही नाही." आणि भाकरीकडं वळले.

ते चौकोन म्हणजे वाफे. वाफे दर सोमवारी बदलत. कोणतं पोर कुठं बसणार, कोणाजवळ बसणार, कोणाला आधी काय मिळणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असायचं. एकच धडा ते तीन वाटांनी नेत. तोंडानं, हातानं आणि पाटीनं. काहींना आधी गोष्ट सांगावी लागे, मग अक्षर. काहींच्या हातात आधी चिंचोके द्यावे लागत. गोमा नावाच्या पोराला बसवलं की त्याच्या अंगात मुंग्या शिरत, म्हणून तो उभा. भिंतीवर त्याच्या उंचीला एक काळा पट्टा सारवून दिला होता, त्यावर तो लिही. त्याला कधी कोणी "बस" म्हटलं नाही आणि कधी कोणी हसलंही नाही, कारण गुरुजींनी ते इतक्या साधेपणानं केलं होतं की त्यात हसण्यासारखं काही आहे हे पोरांच्या लक्षातच आलं नाही.

शाबासकी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. उत्तर बरोबर आलं की "हं." आणि लगेच "पुढचं." चूक आलं तरी आवाज तोच, फक्त "हं" नसे. पोरं त्या एका "हं"साठी मान मोडून काम करत. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, एखाद्याला बरं म्हणावं की." ते म्हणाले, "आलं ना त्याला? मग मी काय म्हणायचं?"

शाळा सुटली की त्यांचा एक उद्योग असे. रिकाम्या खोलीत ते एका पोराच्या जागेवर जाऊन मांडी घालून बसत आणि तिथून फळ्याकडं बघत. आज याची जागा, उद्या त्याची. खाली वाकून, मान तिरकी करून. एका जागेवरून खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो आणि अर्धा फळा दिसत नाही, हे त्यांना असं सापडलं होतं. त्या पोराला वर्षभर सगळे मठ्ठ म्हणत होते.

सोमी त्या वर्षी आली. सोमवारी जन्मली म्हणून सोमी. भिलाटीतल्या खात्र्याबाबाची नात. आईबाप नव्हते, आजा होता. ती जन्मापासून बहिरी, म्हणून मुकीही. खात्र्याबाबा भिलाटीचा कारभारी, त्याचा शब्द डोंगरातल्या पाड्यांपर्यंत चाले. घरी भिली, आमच्याशी अहिराणी. तो पोरीला हाताला धरून ओट्याशी आला आणि म्हणाला, "गुरजी, मी मरी जासू तं इन्हं कोन आयकी? कागदवर तरी बोली ना ती."

मला वाटलं, आता गुरुजी काहीतरी समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "सोमवारपाईन धाडा. नवा वाफा आखना पडी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी शेजारच्या शेतातून दोन बोंडं तोडून आणली, कापसाचे बोळे केले, दोन्ही कानांत घट्ट बसवले आणि सोमीसाठी ठरवलेल्या जागी जाऊन बसले. मला खुणेनं सांगितलं, शिकवा. मी वेड्यासारखी रिकाम्या खोलीला 'बैल आणि बेडूक' शिकवला. ते टक लावून माझ्याकडं बघत होते. धडा संपल्यावर बोळे काढले. "बाई, तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलता. माझ्यापर्यंत तुमची वेणी आली. बेडूक काही आला नाही." हे म्हणतानाही हसले नाहीत. मीच हसले आणि मग हसू कुठं ठेवावं ते कळेना.

सोमी चुणचुणीत होती. वस्तू दाखवली, नाव लिहिलं, की नाव तिचं झालं. गाय, पाणी, दार, भाकर. चित्रासारखी अक्षरं काढायची. गावातल्या दशरथ पाटलांचा नरोत्तम हा वर्गातला सगळ्यात हुशार, त्याचं सगळं आधी होऊन जायचं आणि मग तो इतरांना छळायचा. गुरुजींनी त्याला सोमीच्या वाफ्यात टाकला. एक अट घातली, तिच्यासाठी गणितं तूच मांडायचीस, पण तोंड उघडायचं नाही. पोरगं घामाघूम व्हायचं. न बोलता वजाबाकी समजावायची म्हणजे वजाबाकी आधी स्वतःला नीट कळावी लागते.

दशरथ पाटील तणतणत शाळेत आले. गुजर माणूस, केळीचा बाग, गावात वजन. म्हणाले, "गुरजी, मन्हा पोऱ्या त्या मुकी संगे बसीसन मुका व्हई जाई!"

गुरुजी ओट्यावर येऊन म्हणाले, "व्हऊ द्या थोडासा. लई बोलस तो."

पाटलांना हसू आलं आणि राग तिथंच राहिला. त्यांनाही घरी त्याचा अनुभव असावा.

पण एक गोष्ट अडली होती. सोमी नावं लिहायची, फळ्यावरचं उतरवून काढायची. आपणहून काही लिहायची नाही. तहान लागली तर 'पाणी' लिहिता येत असूनही उठून माठाकडं जायची. गुरुजी म्हणत, "तिच्याकडं नावं आहेत, बाई. अजून ती काही विचारत नाही. ज्या दिवशी स्वतःचं काही विचारेल, त्या दिवशी झालं." मोजतानाही ती अडखळे. बाकीची पोरं पाढ्याच्या ठेक्यावर पुढं सरकत, हिला ठेका कुठून मिळणार?

त्या फाल्गुनात ते भिलाटीतल्या लोकांबरोबर चालत डोंगरातल्या काठी गावच्या होळीला गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, कशी होती होळी? तिथं डोंगराडोंगरातून हजारो माणसं येतात, ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला दुधीभोपळे. ते म्हणाले, "सोमी नाचत होती. एकदाही पाऊल चुकली नाही." होळीबद्दल एवढंच. दुसऱ्या आठवड्यात एक जुना मोठा ढोल शाळेत आला. त्यांनी तो कोणाकडून तरी मागून आणला होता आणि दोऱ्या स्वतः आवळत बसले होते.

तेव्हाच एकदा ते आपलं बोलले. मी विचारलं नव्हतं. दोरी ओढता ओढता म्हणाले, "पटकीच्या साथीत माझी बायको आणि पोरगा गेले. मी तेव्हा खाली शहाद्याकडं होतो, चौथीला भागाकार चालू होता. सगळं उरकून आलो आणि पुढची उदाहरणं घेतली. लोक म्हणाले, दगड आहे हा माणूस." दोरीला गाठ मारली. "असेनही." मग ढोलावर टिचकी मारून कान लावला. मी पाणी आणून दिलं.

पुढं गावात लोक म्हणत, पोरगा गेला म्हणून गुरजी दुसऱ्यांच्या पोरांत जीव ओततात. मला नाही तसं वाटत. जीव ओतलेला मी पाहिला नाही. समोर काम होतं, ते नीट करायचं, एवढंच मी पाहिलं. त्यापेक्षा जास्त काही असलंच तर ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही आणि मी त्यांच्या नावावर फुकट जमा करणार नाही.

ढोलाचा उपयोग असा होता. सोमीनं पत्र्याची पाटी दोन्ही तळव्यांनी छातीशी धरायची. ढोल वाजला की पाटी थरथरते, ठोका तळहातात येतो. ठोक्यागणिक एक चिंचोका. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तिला शंभरापर्यंत मोजता येऊ लागलं आणि गंमत म्हणजे गोमालाही, कारण ढोल वाजवायचं काम त्याच्याकडं होतं. 'दूर' हा शब्द तर त्यांनी तिला असा शिकवला की मी विसरणार नाही. नरोत्तम आणि गोमा ढोल वाजवत वाजवत शाळेपासून लांब जाऊ लागले. सोमी अंगणात पाटी छातीशी धरून, डोळे मिटून उभी. पोरं नाल्याकडं उतरली, पलीकडं चढली, ठोका विरत विरत गेला आणि एका जागी सोमीनं पाटी खाली केली. गुरुजींनी तिच्या हातातून ती घेतली, तिच्यावर 'दूर' लिहिलं आणि परत तिच्या हातात दिली. ती कितीतरी वेळ त्या शब्दाकडं बघत राहिली.

मग पाऊस लागला आणि आमची चूक झाली. आमची म्हणजे मैदानातल्या माणसांची. होळीच्या दिवसांत सगळीकडंच ढोल वाजत होते, आमच्याकडं कोणी लक्ष दिलं नव्हतं. पण पेरणी झाली की भिलाटीतले ढोल खुंटीला जातात. त्यानंतर ढोलाला काडी लागली तर तिचा अर्थ एकच. मयत, आग नाहीतर हल्ला, हातातलं काम टाकून या. आम्हाला दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. श्रावणातल्या एका सकाळी गुरुजींनी ढोल ओट्यावर घेतला आणि काडीनं चांगला दणदणीत सहाचा पाढा वाजवला.

थोड्या वेळानं मी बाहेर पाहिलं तर डोंगराच्या वाटेनं माणसं उतरत होती. निंदणी टाकून आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. कोणाच्या हातात कुऱ्हाड, कोणाच्या खांद्याला तिरकमठा. बायका मागं. सगळे शाळेपुढं येऊन उभे राहिले. सगळ्यांच्या पुढं खात्र्याबाबा, धापा टाकत.

"गुरजी, कोन मरनं?"

"कोनी नही मरनं, बाबा. सोमीले पाढा शिकाडी ऱ्हायनू."

कोणी हसलं नाही. पावसाचं पाणी त्यांच्या तोंडावरून ओघळत होतं. खात्र्याबाबानं ढोलावरची काडी उचलून घेतली. मग म्हणाला, "ढोलले काडी लागनी म्हणजे गाव येस. गाव इनं म्हणजे काम ऱ्हावाले पाहिजे. काम नही, तं दंड."

"दंड सांगा," गुरुजी म्हणाले.

दंड असा ठरला की ज्यांचं काम मोडलं त्यांचं काम शाळेनं भरून द्यायचं. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस आख्खी शाळा भिलाटीच्या ज्वारीत निंदत होती, त्यात मीही पदर खोचून. गुरुजी तिथंही वाफेच बघत होते. वर्गात अक्षर न लागणारी एक मुलगी तणाचं रोप आणि ज्वारीचं रोप लांबून ओळखत होती. ते तिच्या मागं मागं फिरून, तू कशावरून ओळखतेस, असं विचारत राहिले. पुढच्या सोमवारी तिचा वाफा बदलला.

ढोल शाळेत ठेवायला खात्र्याबाबानं परवानगी दिली. पण वाजवायचा तो तळहातानं. काडी त्यानं स्वतःच्या कमरेला खोचली आणि आपल्या झोपडीच्या कुडात नेऊन ठेवली. तेव्हापासून शाळेचा ढोल बिनकाडीचा.

हिवाळ्यात साहेब तपासणीला आले. त्यांना वाईट म्हणवत नाही. दमलेला माणूस, अंधार पडायच्या आत खाली उतरायचं होतं. त्यांनी वर्ग पाहिला, चौकोन पाहिले, भिंतीशी उभा असलेला गोमा पाहिला आणि कपाळाला हात लावला. एकेकाला उभं करून प्रश्न विचारू लागले. सोमीची पाळी आली.

गुरुजी म्हणाले, "साहेब, तिला लिहून विचारा."

"सगळ्यांना एकच परीक्षा असते, गुरुजी."

"परीक्षा एकच घ्या. प्रश्न कानातूनच गेला पाहिजे असं नाही ना?"

साहेबांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात, मोठ्या शहरांत. इथं तिचं नाव ठेवून तुम्ही शाळेचा निकाल बिघडवताय. नाव कमी करा. गुरुजी "बरं" म्हणाले. नाव कमी केलं. दुसऱ्या दिवशी सोमी आली आणि आपल्या वाफ्यात बसली. मी गुरुजींकडं पाहिलं. ते म्हणाले, "नाव कमी करायला सांगितलं, केलं. पोरीचं काही बोलले नाहीत."

पुढच्या खेपेला साहेबांना ती तिथंच दिसली. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पावसाळ्यात बदलीचा हुकूम आला, तापीपलीकडच्या एका गावी. कारण लिहिलेलं नव्हतं आणि बदल्या तर सगळ्यांच्याच होतात. गुरुजींनी कागद वाचला, घडी घातली आणि तिसरीचा अपूर्णांक पुरा केला. मला मात्र राग आला होता. तेव्हा मला राग यायचा. मी म्हटलं, "सोमीचं काय? अजून ती एक शब्द विचारत नाही. तुम्ही गेलात की संपलं." ते म्हणाले, "तुम्ही आहात." मी म्हटलं, "मला तुमच्यासारखं येत नाही." तर म्हणाले, "माझ्यासारखं कशाला? फक्त तोंड फळ्याकडं करू नका."

जायच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. दशरथ पाटलांनी आपली बैलगाडी दिली होती. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. पोरांना निरोपाचं वगैरे काही सांगितलं नव्हतं. वाफे आखलेले होते, शाळा चालू होती. सोमीला सांगायचं कसं हे मला कळत नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं की नाही तेही माहीत नाही. तिनं पेटी गाडीत चढताना पाहिली, उठली आणि पळाली. भिलाटीकडं. मी म्हटलं, गेली, बरं झालं.

गुरुजी गाडीत चढत होते तेवढ्यात ती परत आली. हातात काडी. कुणाला काही कळायच्या आत तिनं ओट्यावरचा ढोल ओढला आणि काडी लावली. मी धावले, तर गुरुजींनी हात आडवा धरला.

माणसं आली. डोंगराच्या वाटेनं, तशीच, चिखलाचे पाय, कुऱ्हाडी, मागं बायका. भिलाटीतून खात्र्याबाबा आला, आता तो काठी टेकत होता. सगळे शाळेपुढं उभे राहिले. कोणी तरी विचारलं, "कोन मरनं?"

"कोनी नही," मी म्हटलं. "गुरजी जाई ऱ्हायनात."

सोमीनं ढोल थांबवला. पाटी घेतली, गाडीशी आली आणि सगळ्या गावादेखत पाटीवर एक शब्द लिहून वर धरला.

'कुठे'

हा शब्द तिनं त्याआधी फळ्यावरून शंभरदा उतरवला होता. स्वतःहून कधी लिहिला नव्हता. गुरुजींनी पाटी घेतली आणि त्या गावाचं नाव लिहिलं. तिनं ते वाचलं, तिच्या काही ध्यानात आलं नाही. तिनं बोटानं गावाचं नाव पुसलं आणि पुन्हा 'कुठे'वर बोट ठेवलं. तेव्हा त्यांनी खाली लिहिलं, 'दूर'.

ते तिला कळलं. तिच्या तोंडाकडं बघून आम्हा सगळ्यांना कळलं की तिला कळलं.

"हं," गुरुजी म्हणाले. ते ओठ सोमीच्या ओळखीचे होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पुढचं."

पुढचं मी शिकवलं. कसं शिकवलं ते माझ्यापाशी राहू दे. एवढंच सांगते की चार-पाच वर्षांनी खात्र्याबाबा वारल्यावर नातलगांनी सोमीला पार मोलगीच्या पलीकडं एका बिजवराला द्यायचं ठरवलं, तेव्हा ती पाटी घेऊन माझ्या दारात आली. पाटीवर 'नको' होतं. मी आणि माझे यजमान ती पाटी घेऊन पंचांपुढं जाऊन बसलो आणि ते लग्न झालं नाही. तिचं म्हणणं ऐकणारं कोणी हवं, एवढंच आजा मागत होता.

त्या सकाळी आजा जिवंत होता. गुरुजी गाडीच्या कडेला बसून त्याला म्हणाले, "दंड सांगा, बाबा. काडी लागनी." मला वाटलं, जाता जाता हा माणूस आम्हाला पुन्हा निंदायला लावतो.

खात्र्याबाबानं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. कोणी कुरकुरत नव्हतं. "कसाना दंड?" तो म्हणाला. "काम व्हतं म्हनीसन पोरनी बलावं."

गुरुजींनी मान खाली घातली. एवढंच. मी त्यांना ओळखत होते म्हणून सांगते, एवढं म्हणजे खूप होतं. त्यांनी पाटी सोमीला परत द्यायला पुढं केली. तिनं घेतली नाही. दोन्ही हातांनी परत त्यांच्याकडं सारली, ओट्यावर गेली आणि ढोलाला पुन्हा काडी लावली. या वेळी खात्र्याबाबानं तिला अडवलं नाही.

गाडी निघाली. चिखलात चाकं रुतत होती, गाडीवान बैलांना शिव्या घालत होता. माणसं उभी होती. कोणी रडलं नाही, मीही नाही, आणि सोमी तर मान खाली घालून नुसती वाजवत होती, एकसारखे ठोके, न चुकता. गुरुजी गाडीत मागं तोंड करून बसले होते. पत्र्याची पाटी त्यांनी दोन्ही तळव्यांनी छातीशी धरली होती, आम्ही पोरीला धरायला शिकवली होती अगदी तशी. डोळे मिटलेले. मला वाटलं होतं, पावसात अक्षर पुसू नये म्हणून धरली असेल.

गाडी नाल्यात उतरली. पलीकडं चढली. आणि वळणाच्या जरा अलीकडं त्यांनी पाटी खाली केली.